माशाच्या पोटातले तीळ

नोकरीसाठी गेले त्या दिवशी मला कुणी मार्क विचारले नाहीत. सरांनी एवढंच विचारलं, "मासा हातात धरलाय कधी?"

"नाही."

"खाता?"

"नाही."

"घरी कुणी?"

"घरात वाससुद्धा चालत नाही."

सरांनी वहीत माझं नाव लिहिलं. मग म्हणाले, "बरं झालं. म्हणजे हौदातले कमी होणार नाहीत. उद्यापासून या."

अशी मी जालन्यासारख्या कोरड्या गावात मत्स्यशेतीच्या प्रयोगशाळेत संशोधन सहायक झाले. नव्वदीचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. प्रयोगशाळा म्हणजे जुन्या जालन्यातलं सरकीचं एक जुनं गोदाम. आत सिमेंटचे हौद, एका कोपऱ्यात टेबल, टेबलावर बाटल्या, आणि एक सूक्ष्मदर्शक, ज्याला सर सोडून कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. तो नियम मी पहिल्याच आठवड्यात मोडला. आजूबाजूला धान्याची ठोक दुकानं. हमाल पोतं खाली टाकलं की घाम पुसत आमच्या दारात यायचे आणि हौदात डोकावून विचारायचे, "आज काय म्हणतात तुमचे मासे?" मासे काही म्हणत नसत. मीच काहीतरी सांगायचे.

घरी आईचं एकच म्हणणं होतं, आंघोळ केल्याशिवाय चुलीकडं यायचं नाही. वडिलांचं मात्र वेगळंच. गावाकडची शेती वाट्यानं देऊन ते शहरात आलेले, पण मन शेतकऱ्याचंच. जेवताना हळूच विचारायचे, "किती वाढले गं?" जणू मी कपाशीचं सांगणार होते. आई डोळे मोठे करायची आणि वडील वरणात लक्ष घालायचे.

सर मालवणकडचे. समुद्राच्या काठावर वाढलेला माणूस मराठवाड्यात का आला, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. शेवटी विचारलंच. ते म्हणाले, "तिकडे मासा कसा वाढतो हे कुणी विचारत नाही. तो असतोच. इकडे विचारावं लागतं." हे उत्तर मला इतकं आवडलं की त्या दिवसापासून सरांच्या चिडचिडीला मी माफी देऊन टाकली.

आमचा प्रश्न साधा होता. आपल्याकडच्या पाझर तलावांत पाणी पावसाळ्यापासून उन्हाळा लागेपर्यंत टिकतं. तेवढ्या काळात मासा वाढतो. पण त्याला पेंड, कोंडा विकत आणून घातला तरच. इथं ती पेंड माणसं जनावरांना पुरवून पुरवून घालतात, माशाला कोण घालणार? म्हणून सरांनी ठरवलं, बाहेरून काहीच विकत आणायचं नाही. तलावाच्या बांधावर मेंढरं बसवायची. शेतात खतासाठी मेंढरं बसवतात तशीच. त्यांच्या लेंड्या पाण्यात जातील, पाणी हिरवं होईल, त्या हिरव्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होतील, आणि मासे त्यांच्यावर जगतील. नुसत्या लेंड्यांवर मासा किती वाढतो, हेच बघायचं होतं.

त्यासाठी परतूर तालुक्यात, आष्टीपासून थोडं आत, एका गावाचा तलाव मिळाला. आणि तलावासोबत मिळाल्या मावशी.

मावशी म्हणजे बांधावर बसवलेल्या मेंढरांची मालकीण. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता कळप लहान झालेला, नवरा वारलेला, आणि एकुलता एक मुलगा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये. तिथं भट्टीतून लालभडक सळई सरसरत बाहेर येते आणि माणसं ती लांब चिमट्यानं पकडून पुढच्या रुळात घालतात. मुलगा महिन्यातून एकदा गावी यायचा आणि दर वेळी त्याच्या हातावर नवीन डाग असायचा. मावशींना तो परत हवा होता. एवढंच हवं होतं. ग्रामसभेत सरपंचांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता: नुसत्या लेंड्यांवर मासे झाले, तर पुढच्या वर्षापासून तलाव मावशींना. खाद्य विकत घ्यायची त्यांची ऐपत नव्हती, पण लेंड्या घरच्याच होत्या. तलावात एका घराचं भागलं तर पोरगा भट्टी सोडून येणार होता. तसं त्यानं आईला कबूल केलं होतं.

त्याच ग्रामसभेत सर उभे राहून म्हणाले होते, "एक लक्षात ठेवा. माशांना आपण काहीही द्यायचं नाही. अगदी काहीही नाही. त्यांचं ते बघून घेतील."

सभेत शांतता पसरली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काईच न्हाई?"

"काहीच नाही."

त्या शांततेला आम्ही होकार समजलो.

पाऊस चांगला झाला. ऑगस्टमध्ये बोटुकली सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं; कटला, रोहू, मृगळ अशी तिन्ही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत प्राणवायू भरून ती आणली तेव्हा सगळं गाव बांधावर होतं. सरांनी पिशव्या आधी तशाच पाण्यात तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत. बायका आपसात बोलत होत्या, "लांबून आल्यात बिचारी." "आगगाडीनं आली म्हनं." एकीनं हळद-कुंकू टाकलं. सर काही बोलणार होते, मी त्यांची बाही ओढली.

मग दर महिन्याला आमची जीप जायची. काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती कुठं दिसेनाशी होते ते बघायचं, म्हणजे पाणी किती हिरवं ते कळतं. बाटलीत पाणी घेऊन त्यात किती प्राणवायू आहे ते काढायचं. फेकजाळं टाकून थोडे मासे काढायचे, तोलायचे, परत सोडायचे. मासा हातात धरायला मी तिथंच शिकले. पहिला निसटला तो थेट सरांच्या मांडीवर. मावशी बांधावरून हसून हसून बेजार झाल्या आणि मग लगेच त्यांचा नेहमीचा प्रश्न आला, "वाढून राह्यले का बराबर?"

वाढत होते. दिवाळीपर्यंत तर असे वाढले की सरांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ते प्रयोगशाळेत शीळ घालायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले. वरच्या साहेबांना त्यांनी मार्चमधल्या जाळेओढीचं, म्हणजे सगळे मासे काढण्याच्या दिवसाचं, आमंत्रणही देऊन टाकलं.

मला मात्र एक गोष्ट सतावत होती. प्रयोगशाळेतल्या हौदांत आम्ही हुबेहूब तेच करत होतो. मावशींच्याच मेंढरांच्या लेंड्या पोत्यात भरून एस.टी.च्या टपावरून जालन्याला येत. कंडक्टर म्हणायचा, "ह्याचं तिकीट कोणतं फाडू?" पाण्याचा रंग तोच, तबकडी तेवढ्याच खोलीवर दिसेनाशी व्हायची, आणि तरी हौदातले मासे सुकलेल्या भेंडीसारखे. तलावातले गलेलठ्ठ. असं का?

सर म्हणाले, "तळाची माती. सिमेंटला तळ नसतो."

मी एका हौदात तलावाची माती आणून टाकली. मासे तसेच.

सर म्हणाले, "जागा. मोकळं पाणी लागतं त्यांना."

मी हौदातले निम्मे मासे कमी केले. उरलेले किंचित सुधारले, पण गलेलठ्ठ म्हणावं असं काही नाही.

"असेल काहीतरी," सर म्हणाले. त्यांना ते असणं पुरत होतं. मला पुरेना. मला असली खोड लहानपणापासून आहे. घड्याळ बंद पडलं की दुरुस्तीला देण्याआधी मी ते उघडलेलं असायचं आणि आईच्या शिव्या खाल्लेल्या असायच्या. चांगली गोष्ट घडत असेल तर ती का घडते हे विचारू नये, असं घरात सगळ्यांचं मत होतं. मला ते कधी जमलंच नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमची तलावावरची फेरी ठरली. करीच्या दिवशी कुणी शहाणा माणूस कामाला बाहेर पडत नाही, असं आईनं ऐकवलं. सरांना कर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, म्हणून गेलो. त्या दिवशी मी सरांना म्हटलं, "यातले दोन-तीन मला द्या. पोट उघडून बघते, नेमकं काय खातात."

"लेंड्यांवर वाढलेले सूक्ष्म जीवजंतू खातात. पुस्तकात आहे."

"या माशांनी पुस्तक वाचलंय का?"

सरांनी मासे दिले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा मासा चिरला. तोंड वाकडं झालं होतं, पण उत्सुकता शिसारीच्या वरचढ ठरली. आतडं लांबलचक, गुंडाळलेलं. त्यात हिरवा लगदा हवा होता. हिरवा होताच, पण त्याच्या मधेमधे करडट पांढरं काहीतरी होतं, पिठासारखं. पाण्यातला प्राणवायू मोजायला आम्ही रोज आयोडीन आणि स्टार्चचा खेळ करायचो, त्यामुळे हात आपोआप त्या बाटलीकडं गेला. पांढऱ्या लगद्यावर आयोडीनचा थेंब टाकला. निळंशार झालं.

स्टार्च. पीठच.

तलावात पीठ कुठून येणार? मला वाटलं, मेंढरं ज्वारीच्या धसकटांत चरतात, दाणे न पचता लेंडीतून येत असतील. मी लेंड्या फोडून आयोडीन टाकलं. काही नाही, सगळं तपकिरीच राहिलं. मग वाटलं, शेतातून वाहून येत असेल. पण पाऊस जाऊन महिने झाले होते. मी दुसरा मासा घेतला. तो मृगळ होता, तळाशी पडलेलं खाणारा. त्याचं आतडं काचेवर पसरलं आणि चिमट्याला काहीतरी बारीक, टणक लागलं. पुसून उजेडात धरलं.

तीळ होता.

शेजारी आणखी एक. मग आणखी. मी त्या तिळांकडं बघत बसले आणि एकदम हसायला लागले, एकटीच, गोदामात. कारण तीनच दिवसांपूर्वी तस्साच तीळ माझ्या दातात अडकला होता. भोगीला आमच्याकडं घरोघरी बाजरीची भाकरी होते, वरून तीळ लावून. या माशांनी भोगी साजरी केली होती!

कोण टाकतंय ते बघायचं तर जीपनं जाण्यात अर्थ नव्हता. तिचा आवाज गावाला आष्टीच्या फाट्यापासून ऐकू यायचा. मी सरांना कारण न सांगता रजा टाकली, सकाळची एस.टी. पकडली, फाट्यावरून चालत गेले आणि बांधावरच्या बाभळीच्या आडोशाला बसले.

आधी आली एक नवी नवरी, धुण्याची बादली घेऊन. धुणं दगडावर ठेवलं, इकडंतिकडं बघितलं, पदराची गाठ सोडली आणि भाकरीचा तुकडा कुस्करून पाण्यात टाकला. पाण्याला तोंडं फुटली. नुसती तोंडं, गोल गोल. नवरी खुदकन हसली आणि मग धुणं धुतलं. ती गेल्यावर दोघी आल्या, पण एकत्र नाही. दुसरी येताना दिसली तशी पहिलीनं हात पदरात लपवला आणि उगाच पाय धुतले. मग एक गडी बैल पाजायला आला, त्याच्या टॉवेलातसुद्धा चतकोर होता. मग काठी टेकत सरपंचांची आई आली. तिच्या हातात वाटी, आणि वाटीत दुधात कालवलेली भाकरी.

मला राहवेना. मी उठून गेले.

"अगं बाई!" म्हातारी दचकली. "जीप कुठं हाय?"

"एस.टी.नं आले, आजी."

"तरीच आवाज न्हाई आला." वाटी पाठीमागं गेली.

"दुधात कशाला कालवली?"

"तोंडात दात दिसत न्हाईत त्यांच्या. म्या बघितलंय."

ते खरंच होतं. "पण सरांनी सांगितलं होतं ना, काही टाकायचं नाही म्हणून?"

"सांगितलं व्हतं की. सायेब मानूस, सांगून गेला जीपीत बसून. अन लेकरं आमच्या दारात. एवढ्या लांबून आन्लेली, अन खायला काईच न्हाई म्हनतो! आमच्या गावात आल्तं कोनी तर आजवर उपाशी न्हाई गेलं." मग ती जवळ आली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "पर कोनाला सांगू नका बरं. गावात दुसरं कोनीच टाकत न्हाई. मी एकलीच टाकते."

मी दिवसभर तिथं बसले. जिला विचारावं तिचं हेच: मी एकलीच टाकते, एवढाश्या घासानं काय होतंय. प्रत्येकीला वाटत होतं की सरांच्या नियमाला आपल्या घासापुरतंच भोक पडलंय. दुपारी मेंढरं पाण्यावर आली, मागून मावशी आल्या. मी आडोशालाच थांबले. त्यांनीही फडक्यातून अर्धी भाकरी काढली, थोडी स्वतः खाल्ली, थोडी कुस्करून पाण्यात टाकली, आणि माशांशी काहीतरी बोलल्या. मला ते ऐकू आलं नाही. माझं हसू मात्र तिथंच थांबलं. तोवर मी फक्त गंमत बघत होते. आता कळलं की या गमतीत मावशींचा पोरगा अडकला आहे. मासे लेंड्यांवर वाढले नव्हते. गावाच्या भाकरीवर वाढले होते.

सरांना सांगितलं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि काचेवरचे तीळ सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. तीळ बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, पण त्यांना काहीतरी करायला हवं होतं.

"तू पोट उघडलंच नसतंस तर?" ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "काय बोलतोय मी."

"आता?"

"आता जे झालं ते लिहायचं. हौद खरं बोलत होते, आपणच त्यांना खोटं पाडत होतो. साहेबांना मी सांगतो. मावशींना तू सांग. माझी भाषा त्यांना हुकूम वाटते."

सांगायला जाताना मी रस्ताभर वाक्यं जुळवली. प्रत्यक्षात ती काही उपयोगी पडली नाहीत. मावशी मेंढराच्या पायातला काटा काढत होत्या. मी तीळ, आयोडीन, म्हातारीची वाटी, सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या. "समदंच गाव टाकत व्हतं? अन मला वाटून राह्यलं, मी एकलीच!" काटा निघाला, मेंढरू लंगडत पळालं. मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

"मंग नुस्त्या लेंड्यावर केवढा व्हतो मासा?"

हौदातला मासा मी रोज बघत होते. मी तळहात पुढं केला. "एवढा."

त्यांनी माझा तळहात आपल्या हातात घेतला, बघितला, आणि सोडला. "एवढ्यात पोरगं बसत न्हाई, ताई."

 मी घाईघाईनं म्हटलं, "पण गाव भाकरी टाकतंय की मावशी. टाकतच राहील. मग होतील मोठे."

"आता पाव्हणे हायेत म्हून टाकत्यात," त्या म्हणाल्या. "उद्या माझे झाले, म्या बाजारात नेऊन इकले, मंग कशाला टाकतील? अन टाकलं तरी म्या कोन्या तोंडानं घेऊ? लोकायनी पुन्यासाठी टाकायचं अन म्या त्याचा पैका करायचा? बिलकुल न्हाई जमायचं." मग म्हणाल्या, "पोराला म्याच सांगते. जाळं वढायला येनार हाय त्यो. तव्हा सांगते."

त्या दिवशी परत येताना मला स्वतःचाच राग आला. ते पोट उघडलं नसतं तर मावशींनी तलाव घेतला असता, पोरगा आला असता, आणि पुढच्या वर्षी मासे बारीक झाल्यावर दोघं तोंडघशी पडली असती. हे मला कळत होतं. तरीही, निदान एक वर्ष तो घरी राहिला असता, हा विचार काही केल्या जाईना.

मार्चमध्ये पाणी उतरलं आणि जाळेओढीचा दिवस आला. वरचे साहेब आले नाहीत. सरांनी त्यांना खरं कळवलं होतं. गाव मात्र सगळं आलं. पण कुणी मासे विकत घ्यायला तयार होईना, आणि फुकटही नको. "आमच्या हातानं खाल्लंय त्यांनी," असं एक बाई म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. काही जणी तर बांधावर पाठ करून बसल्या. तसेही महिनाभरात पाणी आटून ते मेलेच असते, हे सर पुन्हा पुन्हा सांगत होते. सरपंचांची आई म्हणाली, "ठाव हाय की. म्हून तं वढू द्यून राह्यलो." मासे घ्यायला परतूरचा व्यापारी टेम्पो घेऊन आला होता. तो या सगळ्याकडं बघून चक्रावून गेला होता.

मावशींचा मुलगा सकाळच्या एस.टी.नं आला. पंचविशीतला, उंच, मितभाषी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ पाण्यात उतरला. जाळेवाल्यांबरोबर दोर ओढायला लागला. मी तराजूपाशी उभी होते. मावशी माझ्या शेजारी होत्या. त्यांनी अजून त्याला काही सांगितलं नव्हतं. मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

जाळं जवळ येऊ लागलं तसं पाणी चमकायला लागलं. एक कटला जाळ्यावरून उसळला. मुलानं तो हवेतच छातीशी धरला, दोन्ही हातांनी, आणि खो खो हसायला लागला. इतका मोठा मासा त्यानं कधी बघितला नसावा. मासा धडपडत होता, हा भिजत होता, आणि त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंतचे भाजल्याचे डाग ओले होऊन उन्हात दिसत होते. काही जुने, पांढरे पडलेले. एक अगदी नवा, अजून लाल.

"आई!" तो पाण्यातूनच ओरडला. "येऊ का मंग?"

बांधावर सगळे ऐकत होते. मी मावशींकडं बघितलं नाही, बघवलं नाही.

मावशी पाण्याच्या कडेला गेल्या. चिखलात घोट्यापर्यंत पाय रुतले तरी थांबल्या नाहीत. मुलाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "हे आईक आधी. हे मासे लेंड्यावर न्हाई वाढले. गावानं भाकर घालून वाढिवले. फुडल्या साली कोन घालनार न्हाई. आपल्या नुस्त्या लेंड्यावर तळव्याएवढा व्हतो, ताईनं बघितलंय. त्यात भागंल का न्हाई, मला ठाव न्हाई."

मुलाचं हसू गेलं. त्यानं मासा खाली टोपलीत ठेवला आणि मान खाली घातली. त्याला वाटलं, झालं, हे नाहीच. मलाही तेच वाटलं.

मावशींनी त्याचा हात धरला, त्या लाल डागाच्या वर, डागाला धक्का लागणार नाही असा.

"तरी ये," त्या म्हणाल्या.

त्यानं मान वर केली. मग माझ्याकडं वळला. मला वाटलं, आता हा मला काहीतरी बोलणार, आणि बोलला असता तरी मी ऐकून घेतलं असतं.

"ताई," तो म्हणाला, "तळव्याएवढ्या माशाला गिऱ्हाईक असतं का?"

मला माहीत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत कुणी हे कधी विचारलंच नव्हतं. मासा किती वाढतो एवढंच आम्ही विचारत होतो. "माहीत नाही," मी म्हटलं. "बघावं लागेल."

"मंग बघू की," तो म्हणाला, आणि पुन्हा पाण्यात शिरला, कारण जाळं अजून अर्धंच ओढून झालं होतं.